नववी मिस्सा

दोन हजार एकोणीस सालच्या तेवीस डिसेंबरला, रात्री साडेदहाच्या सुमारास, फेलिमोन बर्फ आणायला इस्पितळाच्या तळघरात गेला. हा फेलिमोन माझ्या ओळखीचा. इथेच, आपल्या इलोइलो शहरात परिचारक होता. तू आणि ही इंदाय, दोघे उद्यापासून त्याच कामाला लागणार, म्हणून सांगतो. हसू नकोस, तोतो.

बर्फ सेल्सोसाठी होता. सेल्सो माडी काढणारा. माडावरून पडून त्याची मान मोडली होती. मानेखाली काहीच हलत नव्हते. मज्जारज्जूची सूज वाढू नये म्हणून डॉक्टरांनी त्याचे शरीर तेहतीस अंशांवर थंड ठेवले होते. अन्ननलिकेत तापमापकाची तार, अंगाखाली गार पाण्याची गादी, काखेत बर्फ. दर पंधरा मिनिटांनी आकडा वाचायचा, लिहायचा, बर्फ कमी-जास्त करायचा. आकडा फार खाली गेला तर हृदय बंद पडते. या कामाला कौशल्य लागत नाही. जागे राहावे लागते.

सेल्सोची बायको मिलाग्रिन दाराशी बसून होती. थोरल्या भावाला म्हणावे तसे ती फेलिमोनला 'नोंग' म्हणायची.

"नोंग, यांचा हात परत चालेल ना हो?"

"मी आहे ना इथे," फेलिमोन म्हणाला.

नाताळापूर्वीच्या नऊ पहाटमिस्सांपैकी, म्हणजे पहाटेच्या उपासनांपैकी, आठ त्याने पुऱ्या केल्या होत्या. नववी चार वाजता, इस्पितळाच्याच चॅपेलात. नऊ पुऱ्या केल्या की मागितलेले मिळते, अशी आपली श्रद्धा. शेजारच्या वॉर्डातली लोर्ना त्याला टोचायची, "काय मागितलंयस रे, बायको? मग नऊनं काय होतंय, नव्वद ऐक!"

त्याने दुबईची नोकरी मागितली होती.

साडेतीनला आकडा तेहतीस होता. जागेवर बसायला लोर्नाला सांगता आले असते. तिच्या थट्टेला तो भ्याला. त्याने पाचपर्यंतचे सहा रकाने आधीच भरले. तेहतीस, तेहतीस, तेहतीस. आकडा घसरला की वाजणारी यंत्राची घंटा बंद केली. मिलाग्रिनची झोप मोडू नये, असे स्वतःला सांगितले. आणि तो चॅपेलात देवापुढे गेला.

चॅपेल भरलेले. तो शेवटच्या बाकावर. थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी येऊन बसले. गारवा आला. त्याने पाहिले नाही.

"एकमेकांना शांती द्या," धर्मगुरू म्हणाले.

डोळे मिटूनच त्याने रीतीप्रमाणे शेजाऱ्यापुढे हात केला. शेजाऱ्याने धरला.

घट्ट. गार. तळव्याला माड चढून पडलेले घट्टे...

"शांती असो," फेलिमोन पुटपुटला.

पकड सुटेना.

त्याने पाहिले. मान एका बाजूला कललेली. ओठ निळे.

सेल्सो.

"नोंग... किती लिहिलंत?"

तो धावला. जिना. दार. सेल्सो खाटेवरच होता. पडद्यावर तीस. हृदयाची रेघ सरळ. मिलाग्रिन झोपलेली...

कागदावर मात्र तेहतीस. पाचपर्यंत.

तो कागद त्याने डॉक्टरांना तसाच दिला. मिलाग्रिन रडत म्हणाली, "रात्रभर जागलात हो तुम्ही." दुबईचे पत्र फेब्रुवारीत आले. देवाने मागणे ऐकले होते. फेलिमोन गेला नाही. पण खरे काय ते मिलाग्रिनला सांगायलाही गेला नाही.

त्याचा उजवा हात त्या पहाटेपासून तापलेला नाही. उन्हात धरला तरी. चुलीशी धरला तरी.

असो. उशीर झाला, निघा. निघताना थोरांचा हात कपाळाला लावायचा, ही आपली रीत. पण उजवा नको, इंदाय...

हा डावा घे.