फुलोऱ्यात हळू बोलायचं

दारावर तमालपत्राची फांदी दिसली आणि आल्दारा आत शिरली. यात तिचं काही चुकलं, असं आजही कुणी म्हणणार नाही. खाडीच्या या काठाला घरची वाइन पिऊन उरली की लोक दारावर तमालपत्राची फांदी लावतात, दोन बाकं टाकतात आणि येईल त्याला वाटीवाटीने विकतात. वाइन संपली की फांदी उतरते. म्हणजे फांदी आहे तर वाइन आहे, आणि वाइन आहे तर सोबत खायलाही काहीतरी असणारच. त्यातून बाहेरचा पाऊस असा, की पडतोय की नुसताच हवेत उभा आहे, ते कळू नये.

आत मोठं स्वयंपाकघर होतं. टेबलाशी साठीच्या एक बाई वाटाणे सोलत होत्या. खिडकीपाशी एक तरुण शिंपल्यांच्या तराफ्याचा जाडजूड दोर मांडीवर घेऊन, त्याची गाठ सोडवत बसला होता.

"एक वाटी पांढरी," आल्दारा ओलं जाकीट खुर्चीला अडकवत म्हणाली, "आणि बटाट्याचं ऑम्लेट."

बाईंनी तरुणाकडे पाहिलं. तरुणाने बाईंकडे पाहिलं. मग बाई उठल्या आणि अंडी फोडू लागल्या.

आल्दारा कामावर होती. विगो शहरातल्या एका प्रवासी कंपनीत ती दोन वर्षं फोनच्या टेबलावर बसून कॅनरी बेटांची स्वस्त तिकिटं विकत आली होती, आणि आता कुठे पहिल्यांदा एक अख्खी सहल आखायचं काम तिच्या वाट्याला आलं होतं. ओरेन्से शहरातल्या दंतवैद्यांची संघटना सप्टेंबरात किनाऱ्याकिनाऱ्याने वाइन चाखत फिरणार होती. आपली आंबट पांढरी वाइन आणि चाळीस दंतवैद्य! म्हणजे अग्निशमन दलाने फटाक्यांच्या कारखान्यात सहल न्यावी तसं. पण कंपनीचे मालक सेवेरिनो साहेब यांना विनोद चालत नसे. "शेवटचा मुक्काम असा शोध," ते म्हणाले होते, "की दंतवैद्यांनी स्वतः आ वासला पाहिजे. जूनमधल्या सान शोआनच्या सणाआधी बेत माझ्या टेबलावर. नाहीतर फोन आहेच."

वाटी आली. आल्दाराने पहिला घोट घेतला… आणि मनातल्या मनात चाललेलं बोलणंही थांबलं. जिभेवर आधी हिरवं सफरचंद आलं, मग ओला दगड, आणि मग, पाहुणे गेल्यावर आईने हळूच खरं काय ते सांगावं तसा, समुद्र.

ती बराच वेळ वाटीकडे बघत राहिली. ऑम्लेट संपवून, हात धुऊन आल्यावर तिला आपला हुद्दा आठवला.

"वाइन अप्रतिम," ती मोठ्याने म्हणाली. "ऑम्लेट किंचित खारट. सेवा…" तिने खिडकीकडे पाहिलं, "सेवा जरा घुमी आहे. आणि तुमच्या बाथरूममध्ये कुणीतरी टूथब्रश ठेवलेत, ते गिऱ्हाइकांसमोर बरं दिसत नाही. बिल किती झालं?"

"घरात बिल कुठून यायचं?" बाई म्हणाल्या.

"घरात?"

"मग हे काय दिसतंय तुला, पोरी? रेल्वे स्टेशन?"

आल्दाराच्या कानांच्या पाळ्या आधी तापल्या, मग बाकीची आल्दारा. "पण ती… दारावरची फांदी…"

"ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारची," तरुण पहिल्यांदाच बोलला. "पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेली. घरावर वीज पडू नये म्हणून लावलीय. तशी वीज पडली नाही. तुम्ही आलात."

"मग आल्या आल्या सांगायचं ना!"

"तुम्हाला भूक लागली होती. आणि माझ्या आत्याला तोंडावर 'खारट' म्हणणारं माणूस या घरात आजवर आलं नव्हतं. पुढे काय होतं ते बघायचं होतं मला."

"खारट नव्हतंच," आत्या म्हणाली. "वारा समुद्रावरून येतो, त्याला मी काय करू?"

पळून जायला हवं होतं. पण जाकीट ओलं होतं, पाऊस चालू होता, आणि वाइनचा प्रश्न उरलाच होता. "ही वाइन येते कुठून?" आल्दाराने विचारलं. तरुणाने (त्याचं नाव आमारो) मांडीवरचा दोर बाजूला ठेवला आणि मागचं दार उघडलं.

तिला आधी वाटलं, आपण बाहेर पडलोच नाही, आणखी मोठ्या खोलीत आलो. डोक्यावर छप्पर होतं, पण ते हिरवं. दगडी खांबांच्या रांगा उतारावरून खाली… आणखी खाली… थेट तिथवर गेल्या होत्या, जिथे भरतीचं पाणी शेवटच्या खांबांचे पाय चाटत होतं. वर पाऊस पडत होता, खाली एक थेंब नाही. उजेडसुद्धा पानापानांतून गाळून घेतल्यासारखा हिरवा.

"किती वेली आहेत या?"

"एक."

"एक रांग?"

"एक वेल."

ती हसली. तो हसला नाही. मग त्याने तिला खोड दाखवलं, आणि तिचंही हसू कुठेतरी गळून पडलं. ते खोड नव्हतं, एखादं म्हातारं जनावर झोपेत कूस बदलता बदलता थांबलं होतं. घराची भिंत त्याला वाट द्यायला म्हणून चक्क वाकवून बांधलेली. वेल आधीची, घर नंतरचं. वरच्या मजल्यावर एक फांदी आत्याच्या खिडकीतून आत शिरली होती. ती कपाटापर्यंत पोहोचल्याला आमारोच्या वयाइतका काळ लोटला होता, आणि तेव्हापासून कपाटाचं दार लागत नव्हतं.

"कापत का नाही?"

"आम्ही तिच्या घरात राहतो," आमारो म्हणाला. "भाडेकरूंनी जरा जपून असावं."

मग दोघांनी दोन बाजूंनी खोडाला मिठी मारून पाहिली. अलीकडून ती, पलीकडून तो. साल गालाला खरखरीत आणि गार लागत होती. तो दिसत नव्हता. लाकडाच्या पलीकडून नुसता आवाज आला. "पोचलात?"

"कुठे?"

"माझ्या बोटांपर्यंत."

"नाही अजून."

"लांब करा की हात."

"आत्ताच? ओळख होऊन तासही झाला नाही."

पलीकडून, खोडातूनच आल्यासारखं एक दबकं हसू.

"शेवटचा मुक्काम मिळाला," परत आल्यावर आल्दारा म्हणाली आणि तिने दंतवैद्यांची हकिकत सांगितली.

"चाळीस माणसं? हिच्याखाली?" आमारोचा चेहरा घराच्या दाराइतकाच जुना झाला. "नको."

"बोलाव गं," आत्या गाल दाबत म्हणाली. "माझी अक्कलदाढ कधीची ठणकतेय. चाळिसांतल्या एकाला तरी कळेल."

"आत्या!"

"बघू," शेवटी आमारो म्हणाला. "बाकीचा बेत तर होऊ दे. किनारा मी दाखवतो. शनिवारी या."

आल्दारा शनिवारी आली. तोवर वेलीला फुलोरा धरला होता आणि घरातलं बोलणं बंद झालं होतं. म्हणजे भांडण नव्हतं. फुलोऱ्याच्या दिवसांत वेलीखाली मोठ्याने बोलायचं नाही, हा त्या घरचा कायदा. फूल म्हणजे मोहरीएवढं, हिरवट, पाकळ्या म्हणाव्यात अशा नाहीतच. पावसानेही झडतं, धक्क्यानेही झडतं. पावसाला सांगता येत नाही, म्हणून माणसांना सांगायचं. वास तर इतका हलका, की शोधायला गेलं की नाहीसा व्हायचा, आणि दुसरंच काहीतरी बोलत असताना हळूच येऊन बसायचा.

आता, कुजबुजायचं म्हणजे जवळ यावं लागतं. हा कायदा ज्या पणजोबांनी केला, त्यांना काळजी द्राक्षांचीच होती की आणखी कशाची, कोण जाणे…

त्या दिवशी आमारो तिला बोटीने तराफ्यांकडे घेऊन गेला. खाडीत दोरांवर शिंपले वाढवायचे शेकडो लाकडी तराफे नांगरलेले, पाण्यात वसलेलं बिनघरांचं गाव. एका तराफ्यावर त्याने एक दोर वर ओढला, आणि अंधारातून शिंपल्यांचा काळा, निथळता, माणसाहून उंच खांब वर आला. तेवढ्यात ढग फाटला. समोरच्या टेकड्यांवरून द्राक्षांचे मांडव पायऱ्यापायऱ्यांनी उतरत येत होते, ते सगळे एकदम पेटल्यासारखे झाले. खाडी पांढरी झाली. आल्दाराचा हात आपोआप आमारोच्या बाहीवर गेला आणि तिथेच राहिला.

"तोंड मिटा," तो हळूच म्हणाला. "दंतवैद्य अजून यायचेत."

"तू असा सगळ्यांनाच आणतोस का इथे?"

"'तू' झालं होय?"

"बोटीत 'तुम्ही' म्हणायला जागा नाही."

बेत वाढत गेला. दोघांनी मिळून वाइनची कोठारं पाहिली, ओहोटीला कंबरभर पाण्यात शिंपल्या-तिसऱ्या वेचणाऱ्या बायका पाहिल्या, मीठ चढलेली पानं चाटून पाहिली. पण काम सरत नव्हतं. आमारो म्हणायचा, त्या कोठाराला शनिवारी सुट्टी असते. आल्दाराला आठवायचं, गल्लीत बस वळेल का ते मोजायचंच राहिलं. ती मोजायची. पुढच्या खेपेला पुन्हा मोजायची. गल्ली रुंदावली असली तर? बेत पुरा झाला की यायला कारण उरणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून त्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं. अगदी कुजबुजतसुद्धा नाही.

आणि मग सान शोआनच्या आधीचा शनिवार आला. आकाश गळत होतं. फुलोरा संपत आला होता. खोडाशेजारच्या बाकावर आल्दारा कागद मांडीवर घेऊन बसली होती. त्यातली शेवटच्या मुक्कामाची जागा कोरी होती.

"सोमवारी द्यायचाय," ती कुजबुजली.

"माहितेय."

"नाही दिला तर पुन्हा कॅनरी बेटं."

आमारोने खूप वेळ वर पाहिलं. त्या हिरव्या छपराकडे, जिथून बारीक बारीक फुलं तिच्या केसांत पडत होती. मग म्हणाला, "आण त्यांना. चाळीसच्या चाळीस. लिही."

"तुला तर नको होतं."

"अजूनही नकोय."

"मग?"

तो बोटांनी बाकाची धार चाचपत राहिला. "त्यांच्याबरोबर तू तर येशील ना…"

आल्दाराच्या छातीत काहीतरी धाडकन वाजलं. फुलोऱ्याला न शोभणाऱ्या आवाजात. ती काही बोलणार, तोच फोन वाजला. सेवेरिनो साहेब.

"हॅलो!" साहेब गरजले. "मिळाली का जागा?"

"हळू बोला, साहेब," ती कुजबुजली. "फुलोरा आहे."

मग साहेबही कुजबुजले, "…किती हळू?"

"एवढं चालेल."

"जागा मिळाली का?" सेवेरिनो साहेब विगोच्या भर दुपारी, बंद केबिनमध्ये, श्वास रोखून विचारत होते.

आल्दाराने वेलीकडे पाहिलं. एका ओळीत मावलं असतं. वेलीचं नाव, गावाचं नाव, वेळ. चाळीस माणसं एकदम 'वा' म्हणाली असती, फोटो निघाले असते, आणि पुढच्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांची बस आली असती. तिच्या शेजारी एक माणूस आपलं सगळ्यात मोठं काहीतरी उचलून तिच्या हातात ठेवून बसला होता, आणि ते आपल्याकडून हरवेल, अशी तिला एकाएकी भयंकर भीती वाटली.

"मिळाली, साहेब. शेवटचा मुक्काम जमिनीवर नाही. खाडीत. शिंपल्यांच्या तराफ्यावर, ऊन उतरताना. हातात वाटी, पायाखाली पाणी, समोर सगळे मळे. मी पाहिलंय. मला तोंड मिटता आलं नव्हतं."

मग साहेबांची कुजबूज आली, "छान आहे गं." आणि फोन ठेवला गेला. अगदी अलगद.

"म्हणजे झाला बेत," आमारो म्हणाला.

"बाकीचा मागच्याच्या मागच्या शनिवारी झाला होता."

"त्या कोठाराला शनिवारी सुट्टी नसते."

"चौकशी केली होती मी. आणि बस वळते. पहिल्याच दिवशी वळत होती."

"मग चार वेळा का मोजलंस?"

"तू टेपचं दुसरं टोक धरायचास," आल्दारा म्हणाली, इतक्या हळू की तिलाच ऐकू आलं की नाही शंका. "मला आवडायचं. मला… आमारो, मला तू…"

वाकलेल्या भिंतीपलीकडून, स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज घणघणत आला. "जरा मोठ्याने बोला की! इथवर येत नाही!"

वेल शहारली. फुलांची एक सरच्या सर दोघांवर कोसळली.

"आत्या, फुलोरा!"

"गेला खड्ड्यात! दरवर्षी येतो तो! पोरगी काय म्हणाली?"

"मला हा आवडतो!" आल्दारा ओरडली. आयुष्यात इतक्या मोठ्याने ती कधी बोलली नव्हती.

"मग एवढं खालच्या आवाजात काय सांगायचं त्यात," आत्या म्हणाली. "आणि त्या बोटीत माझी जागा धरा. पुढची. दाढ मी उजेडात दाखवणार."

आमारो हसत होता, आणि त्याचे डोळे भरले होते, आणि यातलं आधी काय झालं ते सांगणं कठीण. त्याने तिच्या केसांतलं एक फूल काढायला हात नेला. तिने तो हात तिथेच धरून ठेवला. मग दोघं इतके जवळ आले, की कुजबुजायचीही गरज उरली नाही.

निरोप घेताना पाऊस थांबला होता. गल्लीच्या तोंडाशी, जिथे बस वळते, तिथे तो उभा राहिला.

"आता काय कारण सांगून येणार?"

"काहीच नाही."

"बिनकारण?"

"बिनकारण," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं. बेत न आखता ती कधी कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गेली नव्हती. "शनिवारी."

सोमवारी तिने बेत दिला. मंगळवारी दंतवैद्यांचा होकार आला. बुधवारी सकाळी, शनिवारपर्यंत थांबायचं काय कारण, हे आल्दाराने शोधून पाहिलं. कपडे घालताना शोधलं, बसस्टॉपवर शोधलं, खाडीचं पहिलं वळण दिसलं तेव्हाही शोधलं.

सापडलं नाही. तोवर ती पोचली होती.