सावजीचा सकाळचा फोटो

चिकपेटेतल्या अण्णांच्या साडीच्या दुकानात कस्तुरी रविवारी बसायची ती वडिलांना, म्हणजे अण्णांनाच, मदत म्हणून. एरवी ती जनावरांची डॉक्टर. त्या रविवारी एक उंच मुलगा आईसाठी साडी बघत होता आणि त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून करकर आवाज येत होता. मग पिशवीतून एक मिशाळ तोंड वर आलं... फेरेट. मुंगसासारखं लांबुडकं, पण पांढरंशुभ्र.

"चिडका आहे," तो मुलगा म्हणाला. "सकाळपासून दात खाऊन राहिला."

कस्तुरीने हातातली साडी खाली ठेवली. तोंडाला लाळ, पुढच्या पंजांनी सारखं तोंड खाजवणं, डोळे अर्धवट मिटलेले... "चिडलेला नाही हो तो. पोट दुखतंय त्याचं. शी काळी होते का, डांबरासारखी?"

मुलाचा चेहरा खर्रकन उतरला. तो प्रणीत, मूळचा नागपूरचा, आता इथेच शहरात जे. पी. नगरात राहून कंपनीत कोडिंग करणारा. आणि फेरेटचं नाव काय, तर सावजी! नागपूरच्या त्या जहाल रश्श्याचं नाव ठेवल्यावर पोट बिघडणार नाही तर काय होणार? साडी राहिली बाजूला, कस्तुरीने दोघांना ऑटोत घालून दवाखाना गाठला. जठरात जखम निघाली. औषध चौदा दिवस आणि रोज सकाळी शीचा फोटो पाठवायचा, असं तिने बजावलं.

आता सांगा, असल्या फोटोंवर कुणाचं प्रेम जुळतं? ह्यांचं जुळलं. रंग काळ्याचा तपकिरी झाला आणि फोटोखालची एक ओळ हळूहळू चार ओळींची झाली. कस्तुरी कॉफीचा पेला धरून सात वाजायची वाट बघायची आणि अण्णा पेपराआडून तिच्याकडे.

चौदा दिवस संपले, सावजी ठणठणीत झाला. आता फोटो नकोत, एवढं लिहायला काय लागतं? पण फोटो थांबले की माणूसही थांबेल, ह्या धास्तीने तिने लिहिलं, अजून आठवडाभर पाठवा.

एकविसाव्या सकाळी फोटो आला तो काळाकुट्ट. चपला घालता घालता तिने तो मोठा करून पाहिला... आणि थबकली. खाली तोच कागद, कोपऱ्यात सावजीने पळवलेला तोच निळा मोजा. हा तर तिसऱ्या दिवसाचा फोटो! तिने फोन लावला.

"जुना आहे हा. जीव गेला असता माझा, प्रणीत."

"चुकलंच माझं. आज आठवडा संपत होता... तुम्ही बंद करा म्हणाल, म्हणून — पण डॉक्टर, चिठ्ठीवर चौदाच दिवस होते. हा वरचा आठवडा कुणासाठी होता?"

रागावायचं राहूनच गेलं. "माझ्यासाठी," कस्तुरी म्हणाली. "तू रोज हवा होतास म्हणून."

तुम्हीचा तू कधी झाला, तिलाही कळलं नाही. अण्णांना मात्र सगळं कळलं होतं. पेपर खाली न ठेवताच ते म्हणाले, "त्याची साडी राहिलीय, सांग त्याला. रविवारी ये म्हणावं... आणि आईलाच घेऊन ये म्हणावं, पसंत करायला."