उसातली पाठमोरी बाई

ज्याला पटेल त्यानं वाचावं, नाहीतर सोडून द्यावं. यात मीठमसाला नाही. रंजनानं सांगितलं तसंच आहे.

गेल्या मार्चमधली भर दुपार. सुरत, पर्वत पाटियाजवळचं साड्यांच्या डिझाइनचं ऑफिस.

रंजना डिंडोलीच्या खानदेशी वस्तीतून यायची. कॉम्प्युटरवर डिझाइन बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्या दिवशी मालक बन्सीलालशेठनी तिच्यापुढं एक जुना अल्बम ठेवला. इंग्रजांच्या काळातला मॉरिशस, दगडावरून छापलेली चित्रं. डोंगर, समुद्र, उसाचे मळे.

"रंजनाबेन, झाडं-डोंगर ठेवा, माणसं काढा. उसातले मजूर अंगावर कोण नेसणार?"

रंजनाच्या कपाळाला आठी पडली. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. पण नोकरी होती.

तिनं पान स्कॅन केलं. उसात चार बायका. एक पाठमोरी, डोक्यावर मोळी. रंजनानं स्क्रीनवर माउसनं शेजारचा ऊस तिच्यावर ओढला.

बाई गेली.

रंग जुळवायला रंजनानं अल्बमकडं पाहिलं...

कागदावरही तीनच बायका होत्या.

घाईघाईनं तिनं केलेला बदल मागं घेतला. स्क्रीनवर बाई परत आली.

कागदावर नाही आली.

आणि स्क्रीनवरची बाई आता पाठमोरी नव्हती...

सरळ रंजनाकडं बघत होती.

डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. आवाज येत होता कोयत्याचा. खच्... खच्... अगदी खुर्चीच्या मागून.

तिनं वळून पाहिलं. मागं नुसती भिंत.

"झालं का?" शेठ आत आले.

"हिला मी पुसणार नाही."

"पुसा, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

"बसते."

शेठनी रागानं स्वतःच माउस धरला.

खच्...

या वेळी त्यांनाही ऐकू आलं. त्यांनी हात झटकन मागं घेतला. तळव्यावर बारीक चिरा होत्या, उसाच्या पात्यानं पडतात तशा.

"घेऊन जा ते सगळं," ते कसंबसं म्हणाले.

रंजनानं फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, अल्बम काखोटीला मारला आणि निघाली. अकरा वर्षांची नोकरी गेली.

घरी नवरा, गजेंद्र, अहिराणीत भडकला. "फेकी दे ते तापीमा!"

"एकदा तिले पुसी टाकं मी. आते नही."

रात्री तिनं फाइल उघडली.

उसात तीनच बायका.

चौथी ना कागदावर, ना फाइलीत. मग ती आहे कुठं?

गजेंद्रनं दाराला लिंबू-मिरची बांधली. रंजनानं सकाळी उठून ती तोडून टाकली. कोणी विचारलं तर ती म्हणते, "भीती वाटते की. पण तिला एकदा काढलं, आता कोणाच्या बापाला काढू देणार नाही."

असं म्हणते, आणि बोलता बोलता मागं वळून बघते.