ओढीकडे तोंड

खसब बंदराच्या धक्क्यावर नभान पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या बोटीत ठेवत होता, पण ठेवण्यापेक्षा आदळणंच जास्त होतं. त्याची बहीण जुवैना सुऱ्या मोजून पिशवीत भरत होती. आठवडाभर बहीणभावांत धुसफूस चालली होती. तो वाजवीपेक्षा खोल गेला म्हणून तिने त्याला बुडी मारायला आलेल्या पाहुण्यांसमोर झापलं होतं. ती थोरली होती, पाण्याखालची कामं तीच वाटायची, आणि नेमकं तेच त्याला डाचत होतं.

"भांडायचं तर इथेच भांडून घ्या," सुकाणूवर बसलेला खमीस म्हणाला. "बोटीत आधीच वजन फार झालंय."

खमीस कुमझारचा. त्या गावाला जायला रस्ता नाही, पाण्यावरूनच जायचं. त्यामुळे खसबच्या माणसांना समुद्र कळत नाही असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो रोज एकदा तरी ऐकवायचा.

काम सोपं होतं. कुमझारच्या पलीकडे एक उघडंबोडकं बेट आहे. त्याच्या पाण्यातल्या कड्यावर कुणाचं तरी तुटलेलं जाळं येऊन अडकलं होतं. त्यात मासे, कासवं अडकून मरत होती. ते कापून आणायचं. दिवस भांगाचे होते, म्हणजे भरती-ओहोटीला फारसा जोर नव्हता. तरी त्या बेटाभोवती पाणी कधी स्वस्थ नसतं. तिथे दोन समुद्र मिळतात, आणि त्यांचं भांडण त्याच्याच अंगावर चालतं. कडा सरळ पाण्यात उतरतो, धरायला कुठे कपार नाही, आणि वर पक्षीसुद्धा बसत नाहीत.

खाली उतरल्यावर जुवैनाने सवयीप्रमाणे आधी माशांकडे पाहिलं. पाण्याची ओढ जिकडून येते तिकडे तोंड करून मासे पोहत असतात. घड्याळ, होकायंत्र चुकेल, मासे चुकत नाहीत. तांबोशीचा एक थवा उत्तरेकडे तोंड करून निवांत तरंगत होता. ओढ उत्तरेची, मंद. ठीक.

दोघं जाळं कापायला लागले. नभान तिच्यापासून बराच खाली, कड्याच्या वळणाजवळ होता. पुन्हा खोल गेला होता, मुद्दामच. तिने टाकीवर सुरी आपटून त्याला इशारा केला. त्याने वर पाहिलं नाही.

मग सगळे मासे एकदम वळले.

उत्तरेकडून दक्षिणेकडे वळले असते तर तिला नवल वाटलं नसतं. पण त्यांनी तोंडं केली ती कड्याकडे. वळणापाशी खडकात एक उभी भेग होती, काळीकुट्ट. तांबोशी, बारके पट्टेरी मासे, जाळ्यात अडकून अर्धमेले झालेले, झाडून सगळे त्या भेगेकडे बघत होते.

पाठोपाठ ओढ आली, त्या भेगेतूनच. खडकातून पाणी येतं कसं, हा विचार करायलाही तिला सवड मिळाली नाही. तिने जाळ्याची दोरी मनगटाला गुंडाळली आणि कड्याला चिकटून राहिली. मास्क चेहऱ्यावर थरथरत होता. खाली पाहिलं तेव्हा नभान दिसला नाही. त्याचे बुडबुडे तेवढे दिसले, आणि ते खाली जात होते.

टाकीतली हवा पुरेल तोवर ती थांबली. मग वर आली.

ती एकटीच आहे हे खमीसने पाहिलं. तिला आत ओढून घेतलं आणि ओढीच्या अंगाने बोट सोडली, कारण वाहून गेलेलं माणूस तिकडेच सापडतं. नाही सापडलं. हाका मारून जुवैनाचा घसा बसला. शेवटी, तसंच परत फिरायचं जिवावर आलं म्हणून, खमीसने बेटाला पूर्ण वळसा घातला.

नभान उत्तरेच्या बाजूला होता. जिकडून पाणी येत होतं तिकडे. एका अरुंद खडकावर पाय सोडून बसला होता, मास्क अजून डोळ्यांवर.

"त्या बाजूला कुणी पोहून जाऊ शकत नाही," खमीस हळूच म्हणाला. मग मोठ्याने, "चढ."

परतताना बराच वेळ नभान तिच्याकडे एकटक बघत होता. मग म्हणाला, "हात का सोडलास?"

"कुणाचा?"

"माझा. इतका वेळ घट्ट धरून ठेवलास, आणि वर आल्यावर सोडलास. तिथे एकट्याला बसवून गेलीस."

"नभान, मी तुझ्या जवळपाससुद्धा नव्हते. मी वरच्या अंगाला होते."

तो तिच्या हातांकडे पाहत राहिला. "मग तो कुणाचा होता?"

त्याला उलट्या व्हायला लागल्या म्हणून वाटेत एका खाडीत बोट उभी केली. दोन्हीकडून डोंगर, पाणी तळ्यासारखं स्थिर. बोटीखाली तारली माशांचा मोठा थवा होता. थव्याने गोल केला होता, चाकासारखा, आणि प्रत्येक तारलीचं तोंड आत होतं, बोटीकडे. नभान उठून पुढच्या टोकाला गेला. चाक त्याच्या मागोमाग सरकलं.

जुवैनाने खमीसकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं होतं. तो नांगर ओढू लागला.

धक्क्याला लागल्यावर तो म्हणाला, "उद्यापासून दुसरी बोट बघ, पोरी."

"काका, झालं काय?"

"काही झालं नाही. मी म्हातारा झालो." नभान बसला होता त्या फळीवर तो गोड्या पाण्याच्या बादल्या ओतत होता.

डॉक्टरांनी कान, फुप्फुसं तपासली. सगळं नीट होतं. माणूस घाबरला की असं होतं, म्हणाले, आराम करू दे. जुवैनाला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं. पण घराच्या गच्चीवरून बंदर दिसायचं, आणि नांगरलेल्या होड्यांची तोंडं तिच्या घराकडे असायची. वारा असेल, भरती असेल. तिने भरतीचं कोष्टक काढून ताडून पाहिलं. मग एका दुपारी नभान बाजारात गेला आणि होड्या सावकाश बाजाराकडे वळताना तिने पाहिल्या. तिने कोष्टक मिटून ठेवलं.

घरात त्याच्याजवळ जायला जोर लावावा लागे. कमरेइतक्या नदीत शिरावं तसं. ताट त्याच्यासमोर ठेवताना तिची ओढणी मागे उडायची.

तो मासे खाईना. बोलला तर टोचूनच बोलायचा.

"तुला बरंच वाटलं असेल. खोल जाऊ नकोस म्हणत होतीस ना?"

"असं काय बोलतोस रे?"

"मग काय बोलू? माझ्यातून पाणी जातंय, जुवैना. थांबतच नाही. तूच सोडलंस मला तिथे."

तिने ठरवलं की याला समुद्रापासून न्यायचं, जितकं लांब नेता येईल तितकं. मैथाआत्या डोंगरावर राहायची. तिथून पाणी दिसतसुद्धा नाही. सकाळीच तिने त्याला जीपमध्ये बसवलं. घाटभर तो खिडकीला डोकं टेकून होता. वाटेतल्या बकऱ्या उभ्या राहून गाडीकडे बघायच्या, पण बकऱ्या बघतातच, असं तिने स्वतःला बजावलं.

आत्याच्या दाराशी दगडी पायऱ्या आहेत. नभान खालच्या पायरीवर थांबला.

"हात दे," तो म्हणाला.

ती क्षणभर घुटमळली. त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी लहानपणीच्या आवाजात. "दे ना गं."

तिने हात दिला. त्याचा तळवा बर्फासारखा होता. खांद्यापर्यंत एक हिसका बसला, आणि त्याने हात सोडला.

मग तो पायऱ्या भराभर चढून गेला.

"आत्या, काय शिजतंय? भुकेने जीव चाललाय," आतून आवाज आला. आत्या लटकंच रागावली. नभान हसला. बेटावर गेल्यापासून तिने त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. जुवैना तिथेच पायरीवर बसून रडली.

डोळे धुवायला ती घरामागच्या पाण्याच्या टाकीकडे गेली. टाकीपलीकडे कातळाची सपाट भिंत आहे. हा डोंगर कधीकाळी समुद्राचा तळ होता. त्या काळचे शिंपले, मासे दगड होऊन भिंतीत राहिले आहेत. आत्याकडे सुट्टीत आली की ती त्यांच्यावरून बोट फिरवायची. कसेही पडलेले मासे, कुणाचं तोंड वर, कुणाचं खाली.

आता सगळ्यांची तोंडं तिच्याकडे होती.

ती भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

तिने एकही मासा हलताना पाहिला नाही. दगड हलत नाही. पण ती थांबली तेव्हा तोंडं तिच्याकडेच होती.

"जुवैना, काहवा घे," मागून आत्याचा आवाज आला.

ती वळली. आत्या कॉफीच्या पेल्यांचं तबक घेऊन मागच्या दारातून उतरली होती आणि वाटेत अडली होती. पुढे वाकून उभी होती, चढ चढणाऱ्या माणसासारखी. तिची ओढणी मागे सरळ ताठ उडत होती. चुलीचा धूर मात्र सरळ वर जात होता.

"अगं, इथे माझे पाय का ठरत नाहीत?" आत्या म्हणाली.

तिच्यामागे दारात नभान उभा होता. ओठांवर हसू अजून होतं. दोन्ही हातांनी त्याने चौकट घट्ट धरली होती.