डेलियाचा कान

‘तुमचा दावा आधीच आला आहे. दुसरा घेता येणार नाही.’

ॲग्नेस काकेगॅमिक यांनी भरपाई कार्यालयाचं ते पत्र लोरेटा मीकिसच्या टेबलावर ठेवलं. मूलनिवासी मुलांसाठीच्या मिशनरी बोर्डिंग शाळेत ज्यांचे हाल झाले, त्यांना भरपाईचे अर्ज भरून देणारी सबंध वस्तीत लोरेटा एकटीच. निम्म्या लोकांना अशी योजना आहे हेच माहीत नव्हतं.

“कोकुम,” तिने आजीला विचारलं, “अर्ज भरला कुणी?”

“मी तर पेनलाही हात लावला नाही गं.”

आठवड्यात ॲग्नेस धरून चार बायकांना तेच पत्र आलं. सगळ्यांचा संशय शहरातून आलेल्या एजंटवर. सभा घेऊन, सगळ्यांची नावं लिहून तो विमानाने परतला होता. काहींना टपालवाल्या एडनाची शंका आली. सगळी पाकिटं तिच्याच हातून जात.

लोरेटाने अर्जाची प्रत मागवली. पत्ता कार्यालयाने काळ्या शाईने झाकला होता. तिने अर्जातली हकीगत आजीला मोठ्याने वाचून दाखवली. ननने पट्टीने मारलं, डावा कान कायमचा गेला.

ती थांबली. मघाशी ती आजीच्या डाव्या कानात कुजबुजली होती, तेव्हा आजीला सगळं ऐकू आलं होतं.

“हा कान कुणाचा?”

आजीने मान खाली घातली. “डेलियाचा. माझी बहीण. ती शाळेतच वारली. सगळ्या आपापलं सांगत होत्या, तिचं सांगायला कुणी नव्हतं. म्हणून मीच ती झाले.”

“कुठे सांगितलंत?”

“गुरुवारच्या बैठकीत. एकदाच. आणखी कुठे नाही.”

लोरेटा बाकी तिघींकडे जाऊन आली. तिघीही त्याच बैठकीतल्या.

दुसऱ्या दिवशी तिने हवालदाराला बोलावलं आणि दुभाषा म्हणून विल्फ्रेड स्ट्रँगला. चर्चमधली ती बैठक तोच चालवायचा. रडणाऱ्या बायकांपुढे रुमाल धरायचा.

“एजंटकडे नुसती नावं होती,” लोरेटा म्हणाली. “एडनाने बंद पाकिटं पाहिली. डेलियाचा कान ॲग्नेसचा म्हणून फक्त त्या बैठकीत ऐकला गेला. तिथे चौघीच यायच्या, आणि चौघींचीही नावं चोरीला गेली. उरलात तुम्ही.”

हवालदाराने पत्त्याबद्दल कार्यालयाकडून सकाळीच आलेलं उत्तर पुढे सरकवलं. चारही अर्जांवर शहरातली एकच टपालपेटी होती. विल्फ्रेडच्या नावाची.

तो ओशाळलासुद्धा नाही. “फॉर्म बघूनच त्यांचे हात कापायचे. त्या कधी भरणारच नव्हत्या. पैसे वाया जाण्यापेक्षा...”

हा माणूस दर गुरुवारी त्यांच्यासाठी चहा करायचा, आणि त्या घरी गेल्या की त्यांचं रडणं कागदावर उतरवून काढायचा.

हवालदार त्याला घेऊन गेला. लोरेटाने कोरा अर्ज काढून कोपऱ्यात बसलेल्या आजीपुढे ठेवला.

आजीने तो परत सरकवला. “डेलियाचं सांगणं सोपं होतं,” ती म्हणाली. “माझं मी अजून कुणालाच सांगितलं नाही. आता कोणावर विश्वास ठेवून सांगू?”

लोरेटाने पेनला टोपण लावलं.