तडकलेलं माणिक

शेठ आले ते घामाघूम होऊन, आणि बूड टेकायच्या आधीच बोलायला लागले.

"बाई, मला एका माणसाकडून कबुली वदवून घ्यायची आहे. आज संध्याकाळच्या आत."

वहिनींनी चष्मा नाकावर खाली सरकवला. "वदवून घेणं माझं काम नाही. मी शोधते. बसा आधी."

भावोजींनी खुर्ची पुढे केली. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. विमा कंपनीत लोकांचे खरे-खोटे दावे तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. भाऊ गेल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत खाजगी तपासाचा उद्योग मांडला, आणि टायपिंगचा क्लास बंद पडलेले भावोजी आपोआप त्यांचे मदतनीस झाले. मदत म्हणाल तर यथातथाच. वहिनींना सकाळी दिसलेली गोष्ट भावोजींना रात्री जेवताना दिसायची. पण माणूस असा, की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं की आधी याचा रुमाल बाहेर निघायचा.

शेठ शहरातले जुने सराफ. त्यांची हकिगत थोडक्यात अशी. एका बाईंनी आईची अंगठी मोठी करायला दिली. जुनी अंगठी, वर माणिक, मागून बंद कोंदण. दुकानातल्या कारागिराने ती मोठी करून दिली. बाई घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तणतणत परत आल्या. माणकात जाळीसारखे तडे पडले होते. त्यांनी दुसऱ्या सराफाला दाखवलं, तर तो म्हणाला, हे माणिक नाहीच, लाल काच आहे.

"म्हणजे खडा आमच्याकडे बदलला," शेठ म्हणाले. "पाच वाजता बाई येणार आहेत. माणिक नाही मिळालं तर तिथून थेट पोलिसांत. कारागिराला बसवून ठेवलंय. काल सगळ्यांसमोर त्याचे खिसे उलटे केले, पेटीचं कुलूप फोडलं. बोलायला तयार नाही."

"किती वर्षं आहेत तुमच्याकडे?"

"वडिलांच्या वेळेपासून." शेठ खाली बघत म्हणाले. "पण पाच वाजता मला कोणाला तरी पुढे करायलाच हवं ना!"

वहिनी उठल्या. त्यांच्या जबड्याची शीर ताणलेली भावोजींनी पाहिली. वहिनी रागावल्या की ती ताणली जायची.

*

दुकानामागच्या खोलीत कारागीर स्टुलावर बसून होता. पन्नाशी उलटलेला, भुवयांचे केस आचेने जळून विरळ झालेले. समोर फोडलेली पेटी तशीच उघडी होती आणि तो तिच्याकडे बघत नव्हता.

"अंगठी कशी मोठी केलीत, मला अगदी पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

"नेहमीसारखीच. कडं खालून कापायचं, फाकवायचं, मध्ये सोन्याचा तुकडा घालून आचेवर झाळून जोडायचं."

"कापायचं कुठे, हे कसं ठरवता?"

"जुना सांधा असला तर तिथेच. एका अंगठीला दोन सांधे कशाला? म्हणून आधी जराशी आच दाखवतो. सांधा असला की काळसर रेघ उठते. या अंगठीला काही उठली नाही. सलग होती. मग बरोबर मधोमध कापली."

"आणि खडा? तो काढून नाही ठेवलात?"

कारागिराने ओठ चावला. "तिथे चुकलो. बंद कोंदण उचकटलं की पुन्हा तसं बसत नाही. माणिक म्हणून दिलं, मी माणिक म्हणून घेतलं. माणिक आच सोसतं. तरी ओला फडका गुंडाळला होता. झाळताना तट् करून आवाज आला, तेव्हाच समजलो, ही काच आहे. तसाच उठलो आणि शेठना सांगितलं."

"कोणाला?" भावोजी दचकले.

"शेठना. ते म्हणाले, गप बस, पॉलिश करून देऊन टाक, बाईंच्या लक्षात येणार नाही."

भावोजींनी मागे वळून पाहिलं. दारात शेठ उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"खोटं बोलतोय!" शेठ ओरडले.

वहिनी बाहेर पडल्या. रस्त्यावर आल्यावर भावोजी हळूच म्हणाले, "वहिनी, कारागीर खरं बोलत असेल तर शेठनीच खडा लांबवला. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"शेठनी खडा लांबवला असता तर त्यांनी काच झाळायला दिली असती का? तडकणार हे सराफाला ठाऊक नसतं? आधी झाळून घेतली असती, मग खडा बदलला असता."

भावोजींना हे पटायला पुढचा चौक यावा लागला.

*

ज्या बाईंची अंगठी होती त्या दोन बहिणींतली थोरली. नवरा बोटीवर, वर्षभर घरी आलेला नव्हता. घरात ती आणि तिची सासू. वहिनी पोचल्या तेव्हा धाकटी बहीण आणि तिचा नवराही आलेले होते.

थोरलीने अंगठी टेबलावर ठेवली. लाल खड्यात भेगांचं जाळं झालं होतं.

"सोनं माझंच आहे," ती म्हणाली. "आतून हा ओरखडा बघा. आईचं बोट एकदा खिडकीच्या कडीत अडकलं होतं, तेव्हाचा. सोनं माझं आणि वरचा खडा भलताच! म्हणजे त्या कारागिराने फक्त खडा काढला."

"अंगठी घट्ट कधीपासून व्हायला लागली?"

"झाला महिना-दीड महिना. मजा म्हणजे आधी सैल होती! आईचं बोट जाड, माझं काडी. आईने दिली तेव्हा एका म्हाताऱ्या सोनाराकडून लहान करून घेतली होती. आता वय झालं, अंग सुटलं."

असं म्हणत ती हात धुवायला बेसिनपाशी गेली. दुसऱ्या हातातली लग्नातली अंगठी तिने सहज ओढून काढली, फळीवर ठेवली, हात पुसले आणि परत सहज सरकवली. भावोजींनी ते पाहिलं. त्यांच्या मनात एवढंच आलं, की बाई नीटनेटक्या आहेत.

"ही सवय जुनी?" वहिनींनी विचारलं.

"पाण्यात हात घालायचा तर अंगठ्या आधी फळीवर. आईचीही तिथेच असायची, रात्रभरसुद्धा."

"त्या कारागिराला आत टाका, म्हणजे पोपटासारखा बोलेल," धाकटीचा नवरा म्हणाला. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देण्याचा त्याचा धंदा. गोरा, गुबगुबीत, बोलका.

"कशाला पोलिसांत जातेस, ताई?" धाकटी पटकन म्हणाली. "गेलं ते गेलं. एखाद्याच्या पोटावर पाय येईल."

"वा गं! आईची शेवटची आठवण, आणि म्हणे गेलं ते गेलं!"

धाकटीने मान खाली घातली. तिचा नवरा छताकडे बघायला लागला.

एवढा वेळ कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंना आता राहवेना. त्यांनी कवळी काढून हातात धरली आणि बोळक्या तोंडाने वहिनींना म्हणाल्या, "तुम्ही तपास करता ना? मग याचा करा. हिरड्या सोलून निघाल्या माझ्या! आवळते नुसती."

"नवीन आहे, बसेल हळूहळू," कवळीवाला हसला.

"डोंबल बसेल! दोनदा घासून झाली. मागे दाढेवर सोन्याची टोपी ओतून दिलीस ती बरी होती, डॉक्टरांनी माप घेतलं होतं. या वेळी, दोन महिन्यांमागे, म्हणे घरीच साचा घेतो. तोंडात तो गुलाबी लगदा कोंबला, आणि मग साचा खिडकीत ठेवून हे महाशय जेवले, झोपले, संध्याकाळी सावकाश गेले."

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी सासूबाईंची कवळी रुमालात घेऊन नीट पाहिली आणि म्हणाल्या, "पाच वाजता दुकानात सगळेच या. आजी, तुम्हीसुद्धा."

*

पाचला मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती, म्हणून शेठनी मधलं दार ओढून घेतलं. कारागीर तसाच स्टुलावर होता. सकाळपासून त्याने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. भावोजींनी त्याला पेला नेऊन दिला. हा माणूस इथून पोलिसांच्या गाडीत जाणार की घरी, हे आता वहिनींच्या जिभेवर होतं.

"माणिक या दुकानात चोरीला गेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "ते इथे आलंच नाही."

"मग माझी अंगठी इथे आली कशी?" थोरली उसळली.

"तीही आली नाही. बाई, तुमचं बोट जाड झालेलं नाही. तुमची लग्नातली अंगठी अजून सुळकन निघते. दोन्ही हात तुमचेच. मग एकच अंगठी घट्ट कशी होईल? बोट तेच राहिलं, अंगठी बदलली."

"पण आतला ओरखडा?"

"साचा काढून दुसरी अंगठी ओतली तर साच्यात ओरखडाही उठतो. उठत नाही तो सांधा. तो सोन्याच्या आत असतो, आचेशिवाय दिसत नाही. तुम्ही अंगठी एकदा लहान करून घेतली होती, म्हणजे तिला सांधा हवाच. कारागिराने आच दाखवून शोधला. सापडला नाही. सबंध ओतलेल्या अंगठीला सांधा कुठून असणार?"

कारागिराने पहिल्यांदाच मान वर केली.

"वहिनी," भावोजी न राहवून म्हणाले, "साच्यातून काढली तर अंगठी तेवढीच व्हायला हवी. लहान का झाली?"

"भावोजी, आज पहिल्यांदाच वेळेवर विचारलंत. ज्या लगद्याने दातांचा साचा घेतात, त्यात पाणी असतं. त्यात लगेच प्लास्टर किंवा मेण ओतलं तर ठीक. साचा पडून राहिला तर वाळतो, आटतो, आणि त्यातून निघणारी वस्तू जरा लहान निघते. कामाच्या जागी बसणारा माणूस लगेच ओततो. दुसऱ्याच्या घरी गुपचूप साचा घेणाऱ्याला मात्र तो खिशात घालून सगळ्यांबरोबर जेवावं लागतं, गप्पा माराव्या लागतात. आजी, तुमची कवळी का आवळते ते आता कळलं? एकाच दिवशी, एकाच घरात दोन साचे वाळले. एक खिडकीत, एक खिशात."

सासूबाई कवळीवाल्याकडे टक लावून बघत होत्या.

"हे नुसते तर्क आहेत," कवळीवाला म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "कवळी घट्ट झाली म्हणून मी चोर? उद्या बूट चावला तर चांभार खुनी!"

"सोन्याची टोपी तुम्ही ओतता. फळीवर अंगठी रात्रभर असते, हे घरच्यांनाच माहीत; पुढच्या भेटीत ती बदलायला एक क्षण पुरतो. बोटीवरच्या नवऱ्याने वर्षभर घर पाहिलं नाही, आणि आजी स्वतःच्या हिरड्या सोलणाऱ्याला मदत करणार नाहीत. नकली अंगठी कोणाच्या लक्षात आली नसती. पण ती घट्ट झाली, म्हणून दुकानात आली, म्हणून आचेवर गेली, म्हणून काच तडकली. तुमच्या एका दुपारच्या झोपेने एवढं केलं."

"मी काही..."

"पुरे हो!" धाकटी किंचाळली. "पुरे आता. त्या माणसाकडे बघवत नाही मला." तिने पर्स उघडली. रुमालाची गाठ सोडली. आत अंगठी होती, आणि माणिक गडद, शांत लाल.

वहिनींनी ती कारागिराकडे दिली. त्याने भिंग डोळ्याला लावलं, अंगठी चिमट्यात धरून कड्यालाच हलकी आच दिली. कड्याच्या खालच्या बाजूला केसाएवढी काळसर रेघ उठली.

"हा सांधा," तो म्हणाला. "चांगल्या हाताचा आहे."

अंगठी त्याच्या हातून घेऊन थोरली बहिणीकडे वळली. मग ती म्हणाली, "मागितली असतीस तर मी दिली नसती का गं?"

"मागितली होती, ताई. दोनदा. आईची अंथरुणातली वर्षं मी काढली, तिला भरवलं, तिचं सगळं केलं. तू हसून म्हणालीस, थोरलीचा मान असतो. घरी येऊन मी रडले, ते यांना बघवलं नाही. मला दिली तेव्हा म्हणाले, ताईनेच पाठवली. तू आईची अंगठी मोठी करायला दिलीस हे ऐकलं तेव्हा मला खरं कळलं. तरी मी गप्प बसले. तुझ्यावरचा राग होता तो. त्याची फेड या बिचाऱ्यांनी करावी असं मला नको होतं." तिने कारागिराकडे बोट केलं आणि तोंड झाकून घेतलं.

थोरलीने अंगठी मुठीत घट्ट धरली. शेवटी तिने बहिणीचा दंड धरला. "घरी चल. पोलिसांत मी जाणार नाही. पण तुझ्याशी आणि याच्याशी मला खूप बोलायचंय." बाहेर पडताना ती कारागिरासमोर थांबली. "मी तुम्हाला चोर म्हटलं. माझं चुकलं," एवढं सरळ म्हणाली आणि गेली; तिच्यामागून बाकीचे तिघंही.

खोलीत चौघंच उरले. शेठनी मोठा श्वास सोडला आणि खुशीने हात चोळले. "चला, शेवट गोड झाला! झालं गेलं विसरा हो. उद्यापासून नेहमीसारखे या."

कारागीर उठला. "शेठ, काल माझे खिसे कुठे उलटे केलेत?"

"अं? बाहेर. दुकानात."

"मग हेही बाहेरच सांगा."

शेठनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी चष्मा पुसत होत्या. त्यांच्याकडून काही मदत नव्हती. शेठनी मधलं दार उघडलं आणि काउंटरशी जाऊन काहीतरी पुटपुटले.

"मागे ऐकू आलं नाही," कारागीर म्हणाला.

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शेठचे कान लाल झाले. मग ते मोठ्याने म्हणाले, "आमच्या कारागिराने काही केलेलं नाही. खड्यात खोट आहे, हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मीच त्यांना गप्प बसवलं. आणि मीच त्यांना चोर ठरवलं."

काउंटरमागचे सेल्समन खाली बघत होते. त्यांतला एक उठून उभा राहिला, मग बाकीचेही राहिले. भावोजींचा रुमाल केव्हाच बाहेर आला होता.

कारागिराने मान हलवली. आत येऊन त्याने एकेक हत्यार पुसलं, फडक्यात बांधलं आणि गाठोडं काखेत घेतलं.

"हे काय? कुठे निघालात?" शेठ धावत मागे आले. "आता तर सगळं मिटलं!"

"म्हणूनच निघालो. सकाळी गेलो असतो तर चोर म्हणून गेलो असतो," कारागीर म्हणाला. "आता कारागीर म्हणून जाता येतं."

त्या दुकानात कामाची माणसं मागच्या बोळातून ये-जा करत. तो मात्र गिऱ्हाइकांमधून, पुढच्या काचेच्या दाराकडे सरळ चालत गेला. भावोजी लगबगीने पुढे झाले आणि त्यांनी दार उघडून धरलं.