हॉलिसच्या डबीतलं काडतूस

"खरं काय ते शोधून काढा," हॉलिस ब्रँडवोल्ड म्हणाला. "मीच केलं असेल तर तेही सांगा."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने थरथरते हात टेबलाखाली लपवले होते. आठ दिवसांपूर्वी मोंटानातल्या त्या छोट्या नेमबाजी क्लबात लेस्टर कूलची रायफल तोंडासमोर फुटली आणि त्याचा उजवा डोळा गेला. काडतुसांच्या डबीवर हॉलिसचं नाव, त्याचंच अक्षर, यंदाचंच साल. रविवारी क्लब त्याला काढून टाकणार होता.

"दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस इथे कुणी झाडत नाही," गुप्तहेर वर्ना केसलर म्हणाली.

"लेस्टर झाडतो. फक्त माझी. चाळीस वर्षांची दोस्ती आहे."

वर्नाच्या मेहुण्याला, ऑरिनला, त्या आठवड्यात घरी काडतुसं भरायला शिकायचा एकच ध्यास होता. त्याने मध्येच तोंड घातलं. "काका, झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घुसळून साफ करायला टंबलर कुठला घेऊ? कोरडा की ओला?"

"ओला. पाणी, साबण आणि पोलादी पिना. बुडाला ठिणगी पाडणारी टोपी बसते ती खाचसुद्धा लख्ख निघते. कोरड्याच्या धुळीने छाती भरायची. चार वर्षं झाली सोडून."

क्लबाचा व्यवस्थापक वेंडेल आणि हॉलिस यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्या डबीतली उरलेली काडतुसं वेंडेलच्याच कुलपात होती.

"हात बघितलेत म्हाताऱ्याचे?" तो म्हणाला.

ऑरिनने मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या, पण टंबलरचं विचारलंच.

"ओला घे. कोरडा फुकट मिळाला तरी नको."

वर्नाने तिथेच एक काडतूस उकललं. दारू भलतीच जास्त होती. टोपी काढली तर खाच काजळीने काळी, मधल्या भोकात पिवळट दाणा.

"ही धुतलेलीच नाही," ऑरिन म्हणाला.

"मग बाहेरून एवढी चकाचक कशी?"

लेस्टर आपल्या घरी डोळ्यावर पट्टी बांधून बसला होता. "हॉलिसवर माझा राग नाही. वय झालं त्याचं."

ऑरिनचा प्रश्न तयारच होता.

"कोरडा," लेस्टर म्हणाला. "मक्याच्या कणसाचा भुसा टाकायचा, चालू करायचा. हॉलिसनेच दिलाय त्याचा जुना."

"आणि त्याच्या रिकाम्या डब्या?" वर्नाने सहज विचारलं.

"ठेवतो. टाकवत नाहीत."

शनिवारी हॉलिसच्या स्वयंपाकघरात वर्नाने दोन पुंगळ्या सगळ्यांपुढे ठेवल्या.

"ही हॉलिसच्या कपाटातली, खाच लख्ख. ही डबीतली. वरून आरसा, आत काजळी, भोकात मक्याचा दाणा. ओल्या टंबलरात भुसा येईल कुठून? वेंडेलकडेही ओलाच आहे. हॉलिसची काडतुसं तुम्ही केव्हाच झाडून संपवलीत, लेस्टर. रिकाम्या डबीत स्वतः भरलेली ठेवलीत. दारू मोजताना चुकला तो तुमचा हात."

ऑरिन आ वासून बघत राहिला. एवढे दिवस आपण फक्त खरेदी करतोय असं त्याला वाटत होतं.

"मी कट केला नाही," लेस्टर पुटपुटला. "डबीवरचं नाव सगळ्यांनी वाचलं. मी फक्त गप्प बसलो."

हॉलिसने हात टेबलावर ठेवले.

"आठ दिवस मी कॉफीसुद्धा बायकोकडून ओतून घेतोय, लेस्टर. या हातांची भीती वाटायची. तू एक शब्द बोलला असतास तर पुरे होतं."

तो उठला, किटली घेतली आणि एकेकाचा कप भरू लागला. थोडी कॉफी टेबलावर सांडली. लेस्टरचा कप त्याने पालथा घातला.